ऑल-इन-वन घेताय? आधी तो वळवून बघा

दुकानात ऑल-इन-वन, म्हणजे वेगळा डबा नसलेला, सगळं पडद्यामागेच बसवलेला कॉम्प्युटर, नेहमी आपल्याकडे तोंड करून उभा असतो. चोवीस इंची पडदा, त्यावर कुठल्यातरी निळ्या तळ्याचं चित्र, पुढ्यात बिनवायरचा कीबोर्ड, आणि टेबलाखाली पाय पसरायला जागा. समोरून सगळे सारखेच देखणे. यंत्राचा स्वभाव कळतो तो पाठीमागे: कोणकोणती भोकं दिली आहेत, झाकण स्क्रूचं आहे की सांधाच दिसत नाही, हवा आत यायला जाळी कुठे आहे, अडॅप्टरवर किती वॅट छापलंय. सेल्समनला जरा विचित्र वाटेल, पण यंत्र वळवायला सांगा.

हे शहाणपण मला माझ्या आत्यामुळे आलं. ती चिपळूणला असते. तिने काही वर्षांपूर्वी मला न विचारता ऑल-इन-वन घेतला आणि फोनवर म्हणाली, "अरे, डबाच नाही बघ. टेबल कसं मोकळं मोकळं झालंय!" टेबल खरंच मोकळं झालं होतं. बाकीची हकिकत ओघात येईलच.

नाव डेस्कटॉपचं, पोट लॅपटॉपचं

आपल्याकडे त्या डब्यालाच 'सीपीयू' म्हणायची पद्धत आहे. 'सीपीयूवरची धूळ पुस', 'सीपीयू खाली ठेव'. खरा सीपीयू म्हणजे त्या डब्यातली बिस्किटाएवढी चिप. ऑल-इन-वनमध्ये डबा जातो, चिप राहते, आणि पडद्यामागच्या दोन-तीन बोटं रुंद पोकळीत तिला संसार करावा लागतो. अडचण होते ती उष्णतेची. डब्यातली नेहमीची डेस्कटॉप चिप ६५ वॅटच्या हिशेबाने बनवलेली असते, कारण तिच्या डोक्यावर चांगला तळहाताएवढा पंखा बसतो. पडद्यामागे ती चैन नाही. म्हणून घरगुती ऑल-इन-वनमध्ये बहुतेक वेळा लॅपटॉपची चिप घालतात, १५ वॅटच्या आसपास चालणारी. रॅमही (चालू काम ठेवायची तात्पुरती जागा) लॅपटॉपची, पंखाही लॅपटॉपचा, अडॅप्टरही लॅपटॉपसारखा वायरीच्या मधोमध लोंबणारा. लॅपटॉपमधलं एकच महत्त्वाचं अंग इथे नसतं, ते म्हणजे बॅटरी.

केंद्र सरकारनेही त्याला लॅपटॉपच्याच पंगतीत बसवलंय. विदेश व्यापार महासंचालनालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये आयातीवर निर्बंध जाहीर केले, त्या यादीत लॅपटॉप, टॅब्लेट आणि ऑल-इन-वन एकाच ओळीत होते. साधा डब्यावाला डेस्कटॉप त्या ओळीत नव्हता.

यात फसवणूक काहीच नाही. बँकेचे व्यवहार, मुलांचा ऑनलाइन वर्ग, पत्रं, एक्सेल, यूट्यूब, परदेशातल्या नातवाशी व्हिडिओ कॉल, एवढ्या कामाला लॅपटॉपची बरी चिप पुरून उरते. फक्त 'हा डेस्कटॉप आहे, म्हणजे लॅपटॉपपेक्षा दणकट असणार' हा समज मनातून काढून टाका.

मग बरी चिप कोणती? नुसतं 'आय-३' किंवा 'आय-५' ऐकून समाधान मानू नका, पूर्ण नाव वाचा. इंटेलच्या आय-३ १२१५यू या नावात १२ म्हणजे बारावी पिढी आणि शेवटचा 'यू' म्हणजे कमी विजेवर चालणारी. यात दोन मोठे आणि चार छोटे गाभे (कोअर, म्हणजे चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, घरासाठी समाधानकारक. शेवटी 'एच' असेल तर चिप जास्त जोरकस आणि जास्त तापणारी. आय-३ एन३०५ हे नाव ऐकायला त्याच घराण्यातलं वाटतं, पण त्यात आठही गाभे छोटे आहेत, मोठा एकही नाही. काम चालेल, पण किंमत तशी कमी हवी. सेलेरॉन जे४०२५ ही चिप तर २०१९ ची, दोनच गाभ्यांची. ती अजून कुठे मांडलेली दिसली तर यंत्र कितीही सुंदर असो, पुढे चला.

एएमडी या दुसऱ्या चिप कंपनीच्या बाबतीत गंमत वेगळी आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू या दोन नावांत दहाचा फरक दिसतो, पण तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. २ म्हणजे जुनी झेन-२, ३ म्हणजे तिच्या पुढची झेन-३. पहिला आकडा दोघांचाही ७, म्हणून दोन्ही सारख्याच नव्या वाटतात. हे नामकरण ज्याने केलं त्याला गिऱ्हाइकाची फार काळजी होती असं मला वाटत नाही.

आत्याचं यंत्र रांगत का होतं

चार महिन्यांनी आत्याचा दुसरा फोन. "सुरू करते, चहा टाकते, चहा पिऊन येते, तरी ते गोल गोल फिरतंच असतं."

मी गेल्यावर पाहिलं तर चिप ठीक होती, रॅम जेमतेम होती, आणि साठवणीला १ टीबीची हार्ड डिस्क. १ टीबी हा आकडा बघूनच तिने ते यंत्र घेतलं होतं. तिथेच घोळ झाला. हार्ड डिस्क म्हणजे फिरती तबकडी आणि तिच्यावर सरकणारी सुई. लॅपटॉपच्या आकाराची डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. सलग पडलेला सिनेमा वाचायचा असेल तर ती सेकंदाला १०० एमबीपर्यंत माहिती सहज देते. पण विंडोज सुरू होताना एक सलग सिनेमा वाचत नाही. इथला एक तुकडा, तिथला एक तुकडा अशा हजारो छोट्या फायली मागते. प्रत्येक तुकड्यासाठी सुई सरकणार, तबकडी फिरून त्या जागी येण्याची वाट बघणार. असे तुकडे तिला सेकंदाला जेमतेम शंभरेक वेचता येतात. एसएसडी म्हणजे चिपांवरची साठवण, तिच्यात फिरणारं काहीच नसल्यामुळे तीच संख्या हजारोंच्या घरात जाते. त्यामुळे २५६ जीबीची एसएसडी असलेलं यंत्र १ टीबी हार्ड डिस्कवाल्यापेक्षा वापरायला कितीतरी चपळ लागतं, चिप अगदी तीच असली तरी. घरासाठी मी ५१२ जीबी एसएसडी सांगतो. फोटोंचा ढीग असेल तर बाहेरून जोडायची डिस्क घ्या.

आता एसएसडी बसवायला ते यंत्र उघडायचं होतं. डब्याला दोन स्क्रू असतात, बाजूची पाटी सरकवली की सगळं समोर. इथे पाठीमागे एकही स्क्रू दिसेना. गावातल्या दुरुस्तीवाल्याने पडदा खाली करून गादीवर झोपवला, कडेने प्लॅस्टिकचं कार्ड फिरवलं, आणि 'टक् टक्' करत झाकण सुटेपर्यंत आत्या देवघरात जाऊन बसली. तो म्हणाला, यातली काही मॉडेलं काचेच्या बाजूनेच उघडावी लागतात, तिथे काच गेली की गिऱ्हाइक आपल्यावर. त्याचं खरं होतं. एसएसडीच्या किमतीच्या निम्मी त्याची मजुरी झाली आणि मला ती अजिबात जास्त वाटली नाही.

म्हणून पाठीमागे बघताना हे आधी बघा: रॅम आणि डिस्कसाठी वेगळं छोटं झाकण आहे का, निदान स्क्रू तरी दिसतात का.

रॅमचं म्हणाल तर ८ जीबी आज कशीबशी पुरते, १६ असेल तर पाच-सहा वर्षं डोक्याला ताप नाही. पण आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे ती कशी बसवली आहे ते. काही यंत्रांत रॅम पट्टीच्या रूपात खाचेत बसते, नंतर वाढवता येते. काहींत ती थेट बोर्डावर झाळलेली असते. तिथे घेताना जेवढी घेतली तेवढीच जन्मभर. शिवाय एकच पट्टी असेल तर चिपला माहिती एकाच वाटेने मिळते, दोन पट्ट्या असतील तर दोन वाटांनी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात चित्रं हलवायचं कामही याच रॅमच्या जिवावर चालतं, त्यामुळे हा फरक जाणवतो. इंटेलच्या बाराव्या पिढीत तर गंमतच आहे. खोक्यावर 'आयरिस एक्सई ग्राफिक्स' छापलेलं असतं, पण एकाच पट्टीवर चालवलं तर विंडोज त्याला साधं 'यूएचडी ग्राफिक्स' म्हणून दाखवतं.

हे सगळं दुकानातच दोन मिनिटांत तपासता येतं. मांडलेल्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या 'परफॉर्मन्स' भागात चिपचं पूर्ण नाव आहे, डिस्कपुढे एसएसडी की एचडीडी (हार्ड डिस्क) ते लिहिलेलं आहे, आणि 'मेमरी'वर टिचकी मारली की किती खाचांपैकी किती भरल्यात हे दिसतं. तिथेच 'फॉर्म फॅक्टर'पुढे 'एसओडिम' असेल तर पट्टी आहे, 'रो ऑफ चिप्स' असेल तर झाळलेली. सेल्समनशी वाद घालायची गरजच पडत नाही.

पडद्यावर 'विद्यार्थ्यांच्या' लिहून बघा

ऑल-इन-वनमध्ये पडदा आवडला नाही म्हणून बदलता येत नाही, तेव्हा इथे वेळ घालवा. बहुतेक परवडणाऱ्या यंत्रांत आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, ज्याला फुल एचडी म्हणतात. पडदा मोठा केला की ठिपके तेवढेच राहतात, फक्त जाड होतात. २१.५ इंचावर एका इंचात साधारण १०२ ठिपके मावतात, २३.८ इंचावर ९२, आणि २७ इंचावर जेमतेम ८१. इंग्रजी अक्षरं ८१ ठिपक्यांतही निभावून नेतात. आपल्या लिपीचं तसं नाही. वर रफार, त्याला खेटून अनुस्वार, खाली जोडाक्षराचा पाय. 'विद्यार्थ्यांच्या' हा शब्द नेहमीच्या अंतरावरून, नेहमीच्या आकारात वाचून बघा. 'द्य' आणि 'ध्य' यांत डोळ्यांना ताण न देता फरक कळला पाहिजे, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळता कामा नयेत. कुठल्याही मराठी वर्तमानपत्राचं संकेतस्थळ उघडलं तरी परीक्षा होते. माझं मत विचाराल तर फुल एचडीमध्ये २४ इंचांच्या पुढे जाऊ नये. २७ इंचच हवा असेल तर २५६० बाय १४४० ठिपक्यांचा शोधावा. तिथे इंचाला १०९ ठिपके मिळतात.

पडदा आयपीएस जातीचा असावा, म्हणजे शेजारी बसलेल्यालाही रंग तसेच दिसतात. उजेडाचा आकडा 'निट्स'मध्ये देतात. २५० निट्स हा सर्वसाधारण आकडा घरात पुरतो, पण खिडकीसमोर टेबल असेल तर दुपारी चित्र फिकट वाटेल. टच स्क्रीनला पैसे मोजू नका. हात लांब करून पडद्याला बोटं लावायची हौस आठवड्यात फिटते आणि डाग मात्र राहतात.

कॅमेरा आणि स्पीकर यांवर फार शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. दुकानातच एक व्हिडिओ कॉल लावा, समजेल.

पडदा म्हातारा होत नाही, कॉम्प्युटर होतो

माझ्या मते ऑल-इन-वनचा खरा प्रश्न हा आहे. चांगला मॉनिटर दहा-बारा वर्षं आरामात चालतो. कॉम्प्युटर मात्र पाच-सात वर्षांत मागे पडतो. बिघडला नाही तरी सॉफ्टवेअर त्याला मागे टाकतं. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, त्यामुळे ठणठणीत असलेली कितीतरी यंत्रं एका तारखेने म्हातारी झाली. (जुना ऑल-इन-वन स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांनी पिढीचा आकडा आधी बघावा.) तरुण आणि म्हातारा बैल एका जुवाला जुंपल्यावर जे होतं तेच इथे होतं: जो आधी बसेल तो दुसऱ्यालाही बसवतो.

यावर एकच उतारा आहे आणि तो पाठीमागे असतो. बहुतेक ऑल-इन-वनवर एचडीएमआयचं भोक दिसतं. लोकांना वाटतं, कॉम्प्युटर गेला तर यात दुसरी वायर लावून पडदा वापरू. पण ते भोक सहसा फक्त बाहेर चित्र पाठवायचं असतं, म्हणजे दुसरा मॉनिटर किंवा टीव्ही जोडायला. आत चित्र घ्यायचं भोक वेगळं असतं, त्याच्याशेजारी 'इन' असं छापलेलं असतं, आणि ते मोजक्याच मॉडेलांत मिळतं. ते असेल तर उद्या आतला कॉम्प्युटर मेला तरी पडदा मॉनिटर म्हणून जगतो.

ॲपलच्या आयमॅकचा इतिहास इथे बोलका आहे. १९९८ च्या रंगीत आयमॅकपासून घराघरांत ही कल्पना रुजली. २००४ मध्ये सगळा कॉम्प्युटर सपाट पडद्यामागे गेला. २००९ अखेरच्या २७ इंची आयमॅकपासून काही वर्षं तो दुसऱ्या कॉम्प्युटरचा पडदा म्हणूनही वापरता यायचा. २०१४ मध्ये ५के पडद्याचा देखणा आयमॅक आला आणि ही सोय गेली. परिणाम असा की आज ते अप्रतिम पडदे जुन्या चिपांशी बांधलेले पडून आहेत आणि हौशी मंडळी त्यांची आतडी काढून, वेगळा बोर्ड बसवून त्यांचे मॉनिटर करतात. सध्याच्या २४ इंची आयमॅकचा पडदा कुठल्याही फुल एचडी ऑल-इन-वनला लाजवेल असा आहे, पण त्याची रॅम वाढवता येत नाही आणि आत चित्र घ्यायचं भोकही नाही. घेताना हे माहीत असू द्या.

आत्याच्या यंत्राचं हेच झालं. एसएसडीनंतर चार वर्षं ते छान पळालं. मग एका पावसाळ्यात बोर्ड गेला. कोकणातली दमट हवा, जाळीत साचलेली धूळ, जाता-येता वीज, यांपैकी कशाने ते सांगता येणार नाही. बोर्डाची किंमत ऐकून तिने फोन ठेवला. पडद्यावर एकही ठिपका मेलेला नव्हता, आणि तो आता चादरीत गुंडाळून माळ्यावर आहे.

वीज गेली की

विजेची बचत हा मुद्दा दुकानात हटकून ऐकवला जातो. गणित करू. ऑल-इन-वन साध्या कामात ५० वॅट घेतो असं धरा. रोज सहा तास चालवला तर महिन्याला नऊ युनिट. डबा आणि मॉनिटर मिळून १०० वॅट धरले तर अठरा. नऊ युनिटांच्या फरकासाठी कोणी यंत्राची जात ठरवू नये.

कमी वॅटचा फायदा दिसतो तो वीज गेल्यावर. बॅटरी नसल्यामुळे दिवे गेले की हा क्षणात बंद, आणि जतन न केलेलं पत्र गेलं. पण ६०० व्हीएचा साधा यूपीएस, जो डब्यावाल्या जोडीला पंधरा-वीस मिनिटं ओढतो, तोच याला बॅटरी नवी असताना अर्धा-पाऊण तास सांभाळतो. यूपीएसला राउटरची पिनही लावा, नाहीतर कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावरचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का बघा. दुसऱ्या मोडवर वीज बदलायला किंचित जास्त वेळ लागतो, पंख्याला तो कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो.

मग घ्यावा का?

तुमच्याकडे चालू स्थितीतला मॉनिटर असेल तर नको. त्याच्या पाठीला पुस्तकाएवढा मिनी पीसी लावा. आतला ऐवज जवळजवळ तोच, जागा तेवढीच, आणि दोघांपैकी जो जाईल तेवढाच बदला. दोन वायरी जास्त दिसतील. गेम खेळणारं किंवा व्हिडिओ संपादन करणारं कोणी घरात असेल तर सरळ डबा घ्या. सतत खोल्या बदलत काम करणाऱ्याने लॅपटॉप.

हे सगळं मी आत्याला समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझं बरोबर असेल रे. पण मला टेबलाखाली वाकता येत नाही, आणि कुठली वायर कुठे हे मला या वयात पाठ करायचं नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकच पिन, एकच बटण, मोठी अक्षरं, ही तिची गरज खरी होती, आणि त्या गरजेला ऑल-इन-वनइतकं चपखल बसणारं दुसरं काही नाही. मग आम्ही अटी ठरवल्या: १६ जीबी रॅम पट्टीच्या रूपात, ५१२ जीबी एसएसडी, २४ इंचांच्या आत, शक्यतो चित्र आत घ्यायचं भोक, आणि तीन वर्षांची घरी येऊन दुरुस्त करणारी वॉरंटी. शेवटची अट मी रेटून धरली, कारण बिघडल्यावर डबा रिक्षातून नेता येतो, चोवीस इंची काच नेताना जीव मुठीत धरावा लागतो. वॉरंटी आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे बिल करायच्या आधी कंपनीच्या फोनवर विचारावं. 'ऑन-साइट' असा शब्द छापलेला असतो, पण ती साइट कधीकधी जिल्ह्याच्या ठिकाणापुरतीच असते.

दुकानात आत्या पुढे, मी मागे. एका चकचकीत यंत्रासमोर ती थांबली, तळ्याचं चित्र क्षणभर बघितलं, आणि सेल्समनला म्हणाली, "हा जरा वळवा हो." यंत्र चोरीच्या भीतीने टेबलाला साखळीने बांधलेलं होतं. किल्ली आणायला तो आत गेला तो दहा मिनिटांनी आला, तोवर आत्याने शेजारच्या यंत्रावर 'विद्यार्थ्यांच्या' लिहून काढलं होतं.